भिंतीवरचा उजळ चौकोन: जात पडताळणी, एक ख्रिस्ती कुटुंब आणि बाप्तिस्म्याची नोंदवही

हे प्रकरण २०१९ ते २०२१ या काळातलं. मी त्यात तटस्थ नव्हतो. मंडळीचा, म्हणजे आमच्या गावच्या चर्चचा, चिटणीस म्हणून बाप्तिस्म्याची नोंदवही माझ्या कपाटात होती, आणि गाडं शेवटी त्या नोंदवहीपाशीच येऊन थांबलं. गाव, पद आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. आई आणि मुलगा दोघांनाही हे वाचून दाखवलं आहे. मुलाला घरात धाकटा म्हणतात, इथेही तेच म्हणू. त्याचे थोरले चुलते म्हणजे मोठे अण्णा.

विश्वासासाठी सोसण्याची गोष्ट निघाली की आमच्या लोकांना २००८चं ओडिशातलं कंधमाल आठवतं, जळालेली प्रार्थनाघरं आठवतात. इथे कोणी काडी लावली नाही की दगड उचलला नाही. विरोध आला तो भावकीतून आणि मंडळीच्या बाकांवरून. सुरुवात झाली एका अर्जातल्या दोन रकान्यांपासून: धर्म आणि जात.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ठाणं मांडलं. पुढे त्या भागातल्या खेड्यांतून, विशेषतः १८७६–७८ आणि १८९९–१९००च्या दुष्काळांच्या आगेमागे, महार-मांग वस्त्यांतली घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. धाकट्याचे पणजोबा त्यांतलेच. आमच्या जुन्या नोंदवहीत त्यांची ओळ बोरूने लिहिलेली आहे आणि धंद्याच्या रकान्यात 'येसकर' असं आहे. शाई तपकिरी झाली आहे, अक्षर मात्र ठसठशीत.

आजोबा मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्यापुढे 'ख्रिश्चन (महार)' अशी नोंद आहे. त्यांची मुलं, म्हणजे मोठे अण्णा आणि धाकट्याचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. तिथल्या गुरुजींनी 'हिंदू महार' लिहिलं. फसवायचं म्हणून नाही. गुरुजी म्हणाले, असं लिहिलं तर पोरांना शिष्यवृत्ती मिळेल, आणि आजोबांनी मान हलवली. त्या पिढीतल्या किती घरांत ही मान हललेली आहे! तेव्हापासून घरात प्रत्येकाला दोन नावं, एक शाळेतलं आणि एक मंडळीतलं. रविवारी उपासनेला जाणारा माणूस सोमवारी कचेरीत वेगळ्या नावाने सही करायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मोठे अण्णा अनुसूचित जातीच्या दाखल्यावर सरकारी नोकरीला लागले, तीस वर्षं इमानाने नोकरी करून निवृत्त झाले. त्यांचा मुलगाही नोकरीत आहे, त्याच्याकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे. धाकट्याचे वडील वारले तेव्हा तो नववीत होता. आई अंगणवाडीत मदतनीस. अण्णांनी त्याची फी भरली, पुस्तकं घेऊन दिली. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत अण्णा खलनायक ठरण्याची भीती आहे, आणि ते तसे नाहीत.

माझं स्वतःचंही सांगायला हवं. माझे वडील मिशनचे मास्तर. त्यांनी माझ्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' लिहिलं. त्यामुळे ही परीक्षा मला कधी द्यावीच लागली नाही. जो पेपर आपल्याला आलाच नाही त्यात दुसऱ्याला किती मार्क द्यायचे, हा संकोच या लिखाणात सगळीकडे आहे.

कायदा काय म्हणतो

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीतून वगळलं. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना आत घेतलं गेलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. म्हणून नंदुरबारचा ख्रिस्ती भिल्ल आदिवासी राहतो, पण नगरचा ख्रिस्ती महार बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येताच कागदावर महार राहत नाही. गावात मात्र राहतो. २००७च्या रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढावी असं सुचवलं, २०२२मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. अनेक चर्चमध्ये १० ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. पण त्यासाठी वेगळा दाखला लागतो, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, वर नॉन-क्रिमी लेयर. आणि २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार खोटा दाखला काढला तर सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. दावा सिद्ध करण्याची जबाबदारीही दावा करणाऱ्यावरच.

ही अट मला अन्यायाची वाटते. ती अन्यायाची आहे म्हणून तिच्यापुढे खोटं बोलावं का, हा वेगळा प्रश्न, आणि आमची सगळी भांडणं त्याच फटीतली.

अडचण कशी उभी राहिली

धाकटा २०१९च्या एका भरतीत अनुसूचित जातीच्या जागेवर निवडला गेला. वर्ग तीनचं पद. नियुक्तीपत्रात नेहमीची अट होती: सहा महिन्यांत जात वैधता सादर करावी. चुलतभावाची वैधता जोडली की काम सोपं होतं, रक्ताच्या नात्याचा पुरावा मोठा मानतात. फाईल गेली. आईने पेढे वाटले.

मग पडताळणी समितीकडे निनावी अर्ज गेला. त्यात एक फोटो चिकटवलेला होता. नाताळच्या आदल्या आठवड्यातल्या कॅरलचा, धाकट्याच्या गळ्यात ढोलकी, डोक्यावर लाल टोपी. त्यानेच फेसबुकवर टाकलेला. अर्ज कोणी केला ते आजही कळलेलं नाही. प्रतीक्षा यादीतला कोणी असेल, गल्लीतला असेल, मंडळीतलाही असेल. त्या शोधात दोन महिने फुकट गेले आणि चार चांगल्या माणसांवर संशय घेऊन झाला.

प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं. गृहचौकशीला अधिकारी येणार, असा निरोप आला. आदल्या रात्री अण्णा घरी आले आणि पुढच्या खोलीत उभे राहून म्हणाले, "हे सगळं उतरवा." भिंतीवर येशूची तसबीर होती, वडिलांच्या वेळची. शेजारी वचनांचं कॅलेंडर. टीव्हीवर उपासना संगीताचं पुस्तक. धाकट्याने स्वतः स्टुलावर चढून तसबीर काढली, चादरीत गुंडाळली आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवली. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिला कोणी विचारलं नाही. हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि तो पाच मिनिटांत झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सभ्य माणूस, पाणी मागितलं, सावकाश प्रश्न विचारले. कुलदैवत कोणतं, लग्नं कशी लावता, मयत पुरता की जाळता. धाकटा पाठ केल्यासारखी उत्तरं देत होता. मग साहेबांची नजर भिंतीवर गेली. धुराने आणि वर्षांनी पिवळ्या पडलेल्या भिंतीवर एक हातभर चौकोन ताज्या रंगाचा, वर खिळा. "इथं काय होतं?"

धाकटा गप्प. अण्णा म्हणाले, "आरसा."

आई दारात आली, पदराला हात पुसत. म्हणाली, "प्रभूचा फोटो होता साहेब. पोरानं काल रात्री काढला."

समोर असलेले पर्याय

त्या वाक्यानंतर साहेबांनी काही लिहिलं, चहा घेतला आणि गेले. आठ दिवसांनी मंडळीच्या नावाने पत्र आलं: अमुक व्यक्तीच्या बाप्तिस्म्याची नोंद असल्यास साक्षांकित उतारा द्यावा. म्हणजे आईचं बोलणं अजून फक्त बोलणं होतं, पक्का पुरावा माझ्या कपाटात होता.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. आई घाबरून बोलली असं लेखी द्यायचं, फोटो कोणी भेट दिला होता म्हणायचं, आणि नोंदवही 'वाळवीने खाल्ली' असं मंडळीने कळवायचं. त्यांचा युक्तिवाद मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण तो टाकाऊ नव्हता: "प्रभूनं माझा आत्मा सोडवला, मान्य. पण लहानपणी विहिरीवर मला कोणी सोडवलं नाही. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलोय मी, बाप्तिस्मा झालेला असून. तिथनं मला दाखल्यानं सोडवलं. सरकार म्हणतं तू ख्रिस्ती म्हणजे महार नाहीस. गावाला विचारा ना!"

दुसरी वाट कोणीतरी मंडळीतूनच काढली: बौद्ध म्हणा. आईचं माहेर अर्धं बौद्ध, कागदही जमतील. धाकटा त्यासाठी मामेभावाकडे गेला. तो धम्माचं काम मनापासून करणारा. त्याने चहा पाजला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा घ्यायला लावल्या, त्या काय दाखल्यासाठी? उद्या खरंच यावंसं वाटलं तर ये, पाय धुवायला पाणी देतो. असा नको येऊ." या सबंध काळात धाकट्याला मिळालेला सगळ्यात सरळ सल्ला हाच होता, असं तो आजही सांगतो.

तिसरा पर्याय गप्प बसण्याचा. वैधता वेळेत सादर करायचीच नाही, नोकरी आपोआप जाईल, चौकशी विरून जाईल. पाळकसाहेबांचा कल इकडे होता. त्यांनी बायबलमधल्या नामानाचा दाखला दिला. अरामाचा तो सेनापती बरा झाल्यावर अलीशाला म्हणतो की राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात मला वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी. आणि संदेष्टा त्याला झापत नाही, शांतीने जा म्हणतो. मला हा दाखला तेव्हा पळवाट वाटला. आता तितका वाटत नाही. पण नामानाने आधी सांगितलं होतं, वाकल्यावर लपवलं नव्हतं, हा फरक आहेच.

चौथा, खरं काय ते लिहून द्यायचं आणि होईल ते सोसायचं. यात एकट्या धाकट्याची नोकरी जाणार असती तर निर्णय सोपा होता. पण एकाच्या कागदावर 'ख्रिस्ती' पक्कं झालं की चुलतभावाची वैधताही उघडी पडू शकत होती. त्याला दोन लहान मुलं, घराचं कर्ज. माझ्या विश्वासाची किंमत दुसऱ्याच्या मुलांच्या ताटातून वसूल होणार असेल तर? यावर उपदेशातून उत्तर मिळत नाही, मी बरेच ऐकले आहेत.

प्रत्यक्षात काय केलं

पत्र आल्याच्या दुसऱ्या रात्री अण्णा माझ्याकडे आले. नोंदवही दोन दिवस द्या, म्हणाले. मी म्हणालो, कपाटाची किल्ली पाळकसाहेबांकडे आहे. किल्ली माझ्या करगोट्यालाच होती. नाही म्हणण्याची हिंमत नव्हती, म्हणून खोटं बोललो. खरेपणासाठी खोटं बोललो असं मनाला समजावत त्या रात्री झोपही लागली, हे जास्त वाईट.

पंचांची सभा झाली. सात जण. तिघे वाळवीच्या बाजूचे. एकाने विचारलं, "एका पोरापायी चाळीस घरं उघडी पाडायची का?" दुसऱ्याने खोटं बोलून जागीच मेलेले बायबलमधले हनन्या आणि सप्पीरा काढले, त्यावर तिसरा उठून गेला. दोन तास असं चाललं. मग मी किल्लीची गोष्ट सांगितली. सांगायला तोंड वर होत नव्हतं. त्याने वातावरण पालटलं वगैरे काही नाही, पण आवाज खाली आले.

तालुक्याच्या एका वकिलांनी दिलेला सल्ला तेव्हा उपयोगी पडला. पत्रात एका व्यक्तीची नोंद मागितली आहे, तेवढीच द्या. पूर्ण वही दाखवायला नेऊ नका, पण जे मागितलंय त्यात काना-मात्रा बदलू नका. चार विरुद्ध तीन मतांनी तसा ठराव झाला. खरं बोलणं आणि सगळ्यांचं सगळं सांगत सुटणं यांतली ती रेघ आम्हाला एका अख्रिस्ती माणसाने आखून दिली.

उतारा मात्र आम्ही पाठवण्याआधीच धाकटा आला. तीन आठवडे तो कुठे दिसला नव्हता. उपासनेला येत नव्हता, फोन उचलत नव्हता. म्हणाला, "तुम्ही पाठवा, पण माझं प्रतिज्ञापत्र आधी जाऊ द्या. मंडळीनं मला धरून दिलं असं नको व्हायला. आईनं सांगितलं, आता मी सांगतो." प्रतिज्ञापत्रात त्याने लिहिलं की मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, शाळेतली नोंद माझ्या अजाणतेपणी झाली, पण भरतीचा अर्ज मी जाणून भरला, आणि मी दावा मागे घेतो. 'जाणून' हा शब्द वकिलांनी खोडला होता, कारण त्याने फौजदारीचा दरवाजा उघडतो. धाकट्याने तो परत घातला. वकील चिडले. मीही म्हणालो, कशाला? तो म्हणाला, "नाहीतर परत आरसाच होतो की."

मला विचाराल तर इथे वकिलांचं बरोबर होतं. स्वतःला अडकवणारा शब्द घातलाच पाहिजे असं देवही मागत नसावा. पण प्रतिज्ञापत्र त्याचं होतं.

निष्पत्ती

दावा मागे घेतला म्हणून समितीने फाईल बंद केली नाही. दावा अवैध ठरला, दाखला रद्द होऊन जप्त झाला, नोकरी गेली. गुन्हा दाखल होण्याची टांगती तलवार दीडेक वर्ष राहिली, पुढे काही झालं नाही. चुलतभावाला आजपर्यंत नोटीस आलेली नाही. उद्या येणार नाही, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

भावकी तुटली. अण्णांकडच्या एका लग्नात या मायलेकांना बोलावणं आलं नाही. धाकट्याच्या बहिणीची जवळपास ठरलेली सोयरीक मोडली, तिकडची माणसं म्हणाली, "तुमच्या घरात बोलायला भीती वाटते." तीन कुटुंबं आमची मंडळी सोडून शहरातल्या दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. आणि महिला मंडळात, जिथे वर्षानुवर्षं सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना होते, तिथे आईशेजारची जागा बरेच रविवार रिकामी राहिली. बाहेरच्या विरोधाची तयारी आमची असते. शेजारच्या बाकाची नसते.

एक गोष्ट अण्णांनाही नंतर हसू आणून गेली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. तो कुठला? आजोबांच्या बाप्तिस्म्याची ओळ आणि मिशन शाळेच्या रजिस्टरातला 'ख्रिश्चन (महार)' हा शेरा. वाळवीच्या तोंडी द्यायची होती ती वहीच पुरावा म्हणून लागली. दाखला मिळायला दोन वर्षं गेली, खेटे वेगळे. तोवर दोन भरत्या निघून गेल्या. धाकटा आज एका साखर कारखान्यात कंत्राटी टाइमकीपर आहे, हंगाम संपला की पगारही संपतो. परीक्षा देतो आहे. वयाची मर्यादा जवळ येते आहे. त्याच्या सोसण्याचं कुठे चीज झालं असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

निर्णयाचे क्षण, पुन्हा पाहताना

पहिला क्षण आईचा. मंडळीत तिचं कौतुक झालं, एका उपदेशात तर तिला हुतात्म्यांच्या रांगेत बसवलं. ती स्वतः वेगळं सांगते. "मी काही धैर्यबिर्य केलं नाही. साहेबानं विचारलं, मला आरसा म्हणता येईना. पण पोराची नोकरी माझ्या जिभेवर गेली, ते मला रात्रीचं उठवतं." मी हे वाक्य कौतुकाखाली झाकू देणार नाही. तिने खरं सांगितलं ते बरोबर, असं मी मानतो. पण आदल्या रात्री तसबीर उतरवताना तिला विचारलं असतं, तर ती हेच तेव्हा म्हणाली असती, आणि मुलाला ते साहेबांसमोर ऐकावं लागलं नसतं. येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान कोंबड्याने बाजूला गाठलं. धाकट्याला सरकारी चौकशीत, पंचनाम्यावर.

दुसरा क्षण धाकट्याच्या तीन आठवड्यांचा. तसबीर उतरवणारा तोच आणि 'जाणून' लिहिणारा तोच. त्या तीन आठवड्यांत आमच्यापैकी कोणीही त्याच्याकडे गेलं नाही. आम्ही त्याच्याविषयी सभा घेतल्या. गेला तो मामेभाऊ, दर शनिवारी, मोटारसायकलवर.

मंडळीच्या इतिहासात हे दुखणं नवं नाही. सन २५०मध्ये रोमी सम्राट डेसियसने प्रत्येकाने देवांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे दाखले लिहिलेले पपायरसचे तुकडे मिसरात सापडले आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला नाही, पण पैसे देऊन दाखला मिळवला. वादळ सरल्यावर कार्थेजच्या सिप्रियनसारख्या बिशपांपुढे प्रश्न आला तो हाच, या दाखलेवाल्यांना परत कसं घ्यायचं. पश्चात्तापाची वाट ठेवून त्यांना परत घेण्याकडे मंडळी झुकली. हे मी पंचांच्या सभेत सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "म्हणजे जात पडताळणी तेव्हापासून आहे?" त्या सभेत हसू आलं ते तेवढंच.

तिसरा क्षण उताऱ्याचा. तेव्हा एक ओळ देऊन बाकीची वही झाकणं मला शहाणपण वाटलं. नंतरचे दोन निकाल वाचून विचार करत राहिलो. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, घरात येशूचा फोटो आहे एवढ्यावरून कुटुंब ख्रिस्ती झालं असं ठरत नाही, बाप्तिस्म्याचा पुरावा हवा, असं म्हटलं. ते कुटुंब बौद्ध होतं. आणि २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती असून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक ठरवली. त्यातही लहानपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात होती. पहिल्या निकालानंतर मोठे अण्णांचा मला फोन आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. "बघा, नुसत्या फोटोनं काही झालं नसतं," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. नुसत्या फोटोने काही झालं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात पहिलीच्या प्रवेशापासून करायला हवी होती. मुलाला पाण्यात बुडवताना किंवा त्याच्या कपाळावर पाणी घालताना आम्ही आई-बापांकडून वचनं घेतो, पण सहा वर्षांनी शाळेच्या अर्जात काय लिहिणार हे कधी विचारलं नाही. विचारणं अवघड होतं, कारण विचारणाऱ्यांच्या घरीही तेच होतं. आता दर मे महिन्यात शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, खोलीत एक दुपार त्यासाठी ठेवतो. इतर मागासवर्गाचा दाखला कसा काढायचा, कोणते जुने उतारे लागतात, मिशनच्या शाळांची रजिस्टरं आज कुठे आहेत, हे सांगतो. कोणी काय लिहावं ते सांगत नाही. पहिल्या वर्षी पाच पालक आले.

अण्णांकडे जायला हवं होतं, आणि लवकर. मंडळीने त्यांना पडलेला माणूस समजून सोडून दिलं. त्यांची भीती, ते विहिरीवरचं पाणी, त्यांनी फेडलेली धाकट्याची फी, हे त्यांच्या दारात बसून ऐकायला हवं होतं. मी गेलो ते वर्षाने. त्यांनी खुर्ची दिली, सलाम केला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नोंदवहीची किल्ली आता दोघांकडे असते आणि वही मागायची तर लेखी मागावी लागते. हा ठराव मीच मांडला. कोणाचा भरवसा कमी पडला म्हणून, ते सभेत कोणी विचारलं नाही.

आज

तसबीर परत जागेवर आहे. पण काच बदलताना चौकट जरा लहान निघाली, त्यामुळे उजळ चौकोनाची कड चारही बाजूंनी दिसते. रंग द्यायचा आहे, हंगामाचा पगार आला की देऊ, असं धाकटा म्हणतो.

अण्णांना मागच्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला. सून नोकरीला जाते, म्हणून धाकट्याची आई दुपारचा डबा पाठवते, ज्वारीची भाकरी आणि मऊ शिजवलेलं काहीतरी. धाकटा सायकलवरून दारात देऊन येतो, आत जात नाही. डबा संध्याकाळी घासून परत येतो. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हा अजून रिकामाच येतो.